तिच्या शेजारी उभी असलेली

गेल्या जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही नदीपलीकडे, इलिनॉयमधल्या एका लहानशा कॉलेजात मुलींचा बास्केटबॉलचा सामना बघायला गेलो होतो. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी यजमान संघातून खेळते आणि हिवाळ्यात एकदा तरी तिचा सामना बघायचा, असा आमच्या घरचा रिवाज झाला आहे. बाहेर बर्फाचा करडा चिखल झाला होता, आत पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास होता आणि नुकत्याच पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीवर बुटांचे तळ करकरत होते. पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर मिळून दीडशे माणसेही नसतील. राष्ट्रगीताची सूचना झाली, कॉलेजातलीच एक विद्यार्थिनी माइकपाशी आली, आम्ही सगळे उठून उभे राहिलो. पाहुण्या संघाच्या मुली एका ओळीत उभ्या होत्या. गाण्याची पहिली ओळ सुरू होताच त्या रांगेतली शेवटून दुसरी मुलगी सावकाश एका गुडघ्यावर बसली आणि तिने मान खाली घातली. तिच्या शेजारची, रांगेच्या टोकाची उंच मुलगी उभीच राहिली. तिचा उजवा हात नियमाप्रमाणे छातीवर होता. डावा हात मात्र तिने खाली नेला आणि बसलेल्या मुलीच्या खांद्यावर ठेवला. आमच्या मागून कुणीतरी पुरुष ‘उभी राहा’ असे ओरडला. गाणाऱ्या मुलीचा सूर क्षणभर कापला, पण ती थांबली नाही.

गाणे संपले, टाळ्या झाल्या, सामना सुरू झाला. गुडघ्यावर बसलेली मुलगी उत्तम खेळत होती. पहिल्या काही मिनिटांतच तिने समोरच्या संघाच्या हातून दोनदा चेंडू हिसकावला. मध्यंतरात कुणी त्या प्रसंगाबद्दल अवाक्षर काढले नाही. परत येताना मिसिसिपीवरचा पूल ओलांडत असताना सतरा वर्षांच्या मुलाने मागच्या सीटवरून विचारले, “आई, तू तिच्याकडे एवढ्या रागाने का बघत होतीस?” मी म्हटले, “नाही रे, कुठे?” त्याने पुढे काही विचारले नाही. आरशात बघितले तेव्हा तो खिडकीबाहेर नदीवरचे बर्फाचे तुकडे बघत होता.

मी रागाने बघत होते, हे मला ठाऊकच नव्हते.

घरी आल्यावर भांडी आवरताना मी स्वतःला पुन्हा पुन्हा तपासत राहिले. विचाराने मी त्या मुलीच्या बाजूची आहे, असेच मी इतकी वर्षे समजत आले. २०१६ मध्ये कॉलिन केपर्निक हा खेळाडू कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर राष्ट्रगीताच्या वेळी पहिल्यांदा बसून राहिला आणि मग गुडघ्यावर टेकला, तेव्हा मित्रमंडळींच्या जेवणात त्याच्या बाजूने वाद घालणारी मीच होते. पण विचार एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, असे काहीतरी त्या संध्याकाळी झाले असावे. राष्ट्रगीत म्हटले की माझी पाठ आपोआप ताठ होते, टाचा जुळतात, बोटे मुठीत वळतात, आणि हे राष्ट्रगीत माझ्या जन्माच्या देशाचे नाही, याने काहीही फरक पडत नाही. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत पीटीच्या सरांची ‘सावधान’ची आरोळी घुमली की पोटरीवर मुंगी चढत असली तरी आम्ही हलायचो नाही. हलणे हा अपराध होता आणि न हलण्याचा अभिमान होता. त्या अभिमानाला मी आजही कमी लेखणार नाही. कौलारू शाळेपुढच्या त्या ओल्या मैदानात तीन-चारशे मुले एका सुरात ‘जय हे’ म्हणायची तेव्हा अंगावर येणारा काटा खरा होता, आणि पन्नाशी उलटल्यावरही तो येतो. त्या जिममध्ये माझ्या चेहऱ्यावर जे उमटले ते तिथून आले असणार. मी एवढी ताठ उभी आणि ही खुशाल बसते!

पण ती खुशाल बसली नव्हती. तिच्या मानेवरची शीर मला आमच्या बाकावरून दिसत होती.

आम्ही सेंट लुइसच्या पश्चिम उपनगरात राहतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला आणि त्याचा मृतदेह चार तासांच्या वर भर उन्हात रस्त्यावर पडून होता. त्या आठवड्यांत रात्री हेलिकॉप्टरचा आवाज यायचा. साताऱ्याहून, पुण्याहून फोन यायचे, “तुम्ही बरे आहात ना?” आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, “अहो, आम्ही त्या भागात राहत नाही.” ते खरे होते. काकूंना धीर यावा म्हणूनच मी ते म्हणत होते. तरीही ते वाक्य इतक्या वेळा तोंडून गेले की नंतर मलाच ते बोचू लागले.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला, पोलिसावर खटला चालवायचा नाही हा निर्णय येऊन पाच दिवस झाले असताना, आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या क्लेटनमध्ये फाँटबॉन विद्यापीठाच्या जिममध्ये एक सामना होता. पाहुणा संघ इलिनॉयमधल्या गेल्सबर्गच्या नॉक्स कॉलेजचा होता. त्या संघातली अरियाना स्मिथ राष्ट्रगीत सुरू असताना दोन्ही हात वर करून ध्वजाच्या दिशेने चालत गेली आणि त्याच्यासमोर जमिनीवर आडवी झाली. मायकेल ब्राउन रस्त्यावर पडून होता त्या तासांची आठवण म्हणून ती साडेचार मिनिटे तशीच पडून राहिली. सामना खोळंबला. मग ती उठली, मूठ वर केली आणि निघून गेली. कॉलेजने तिला निलंबित केले, आणि थोड्याच दिवसांत निलंबन मागे घेतले. केपर्निकच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट, पण जगाने लक्षात ठेवला तो केपर्निक. कॉलेजच्या तिसऱ्या श्रेणीतल्या मुलींच्या सामन्याला टीव्हीचे कॅमेरे नसतात. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्तीही मिळत नाही. मुली पहाटे उठून सराव करतात, बसमध्ये अभ्यास करतात आणि दीडशे माणसांपुढे खेळतात. फाँटबॉन २०२५ मध्ये कायमचे बंद झाले. त्या रस्त्याने जाताना अजूनही माझी नजर तिकडे वळते. ती साडेचार मिनिटे त्या जिममध्ये आपण असतो तर कुठे बघितले असते, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नव्हता. मुलाच्या त्या एका वाक्याने तो अकरा-बारा वर्षांनी विचारला गेला.

आपल्या भाषेत गुडघे टेकणे म्हणजे हार मानणे. शरण जाणारा गुडघे टेकतो. म्हणून या निषेधाच्या बातम्या मराठीत सांगताना मी नेहमी अडखळते, कारण ‘तिने गुडघे टेकले’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात अगदी उलटे चित्र उभे राहते. केपर्निक आधी नुसता बाकावर बसून राहत होता. नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाने त्याला बसण्याऐवजी एका गुडघ्यावर टेकायला सुचवले, कारण पडलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे सैनिक तसेच टेकतात. हा बॉयर स्वतः सैन्यातून आल्यावर टेक्सास विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळला होता. इथल्या खेळातला आणखी एक रिवाज मला माझ्या मुलामुळे कळला. तो सात-आठ वर्षांचा असताना शनिवारी सकाळी सॉकर खेळायला जायचा. एकदा समोरच्या संघातला एक मुलगा पायात पाय अडकून पडला आणि रडू लागला. पंचाने शिट्टी वाजवली आणि मैदानावरची सगळी मुले, दोन्ही संघांची, जिथे होती तिथे एकेका गुडघ्यावर बसली. मला वाटले, काही खेळाचा नियम असेल. शेजारच्या बाईंनी सांगितले की कुणाला लागले की तो उठेपर्यंत बाकीच्यांनी असे बसायचे असते. त्या दिवशीचे दवाने ओले गवत, मुलाच्या गुडघ्यावरचा हिरवा डाग आणि तो पडलेला मुलगा उठल्यावर सगळ्यांनी वाजवलेल्या टाळ्या मला स्पष्ट आठवतात. तो हिरवा डाग शेवटपर्यंत निघाला नाही.

विद्यापीठांनी या मुलामुलींशी जे केले ते वाचताना मला वारंवार वाईट वाटले आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी राष्ट्रगीत होते तेव्हा खेळाडू अजून आतल्या खोलीतच असतात. त्यामुळे तिथे हा प्रश्न अनेकदा वाद्यवृंदातल्या आणि चीअरलीडर मुलांपुढे येऊन ठेपला. जॉर्जियातल्या केनेसॉ स्टेट विद्यापीठात २०१७ च्या सप्टेंबरअखेर पाच कृष्णवर्णीय चीअरलीडर गुडघ्यावर बसल्या. त्यावर विद्यापीठाने तोडगा काढला तो असा, की पुढच्या घरच्या सामन्यापासून राष्ट्रगीत होईपर्यंत चीअरलीडरनी मैदानावर यायचेच नाही, बोगद्यात थांबायचे. तिथल्या शेरीफने आणि एका आमदाराने अध्यक्षांवर दबाव आणल्याचे त्यांच्याच फोनवरच्या संदेशांतून पुढे उघड झाले. महिन्याभराने मुलींना परत मैदानावर येऊ दिले, अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि त्या पाचांपैकी एकीने केलेला दावा २०१९ मध्ये १,४५,००० डॉलरवर मिटला. पैशांचा आकडा मी विसरूनही जाईन. त्या मुलींना दिसेनासे करण्यासाठी वापरलेला तो बोगदा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली आपल्याच विद्यापीठाचा गणवेश घालून अंधारात उभ्या आहेत आणि बाहेर स्वातंत्र्याचे गाणे चालू आहे.

सरकारी विद्यापीठाला राज्यघटनेने दिलेले बोलण्याचे स्वातंत्र्य पाळावे लागते, खासगी कॉलेजवर ते बंधन नाही. तरी प्रत्यक्षात दोन्हीकडे मुलांच्या वाट्याला धाक आलाच. २०२१ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड या खासगी कॉलेजच्या अध्यक्षांनी गुडघ्यावर बसणाऱ्या बास्केटबॉलपटूंना निलंबित केले. पुरेसे खेळाडूच न उरल्याने संघाला एक सामना सोडून द्यावा लागला. त्याच महिन्यात ईस्ट टेनेसी स्टेट या सरकारी विद्यापीठाचा संघ गुडघ्यावर बसला, तेव्हा राज्याच्या सिनेटमधल्या सर्व २७ रिपब्लिकन सदस्यांनी असे प्रकार थांबवणारी धोरणे करा, असे पत्र विद्यापीठांच्या प्रमुखांना लिहिले. मुलांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रशिक्षकाने पुढच्या महिन्यात पद सोडले. व्यावसायिक खेळाडूला गमावण्यासारखे पुष्कळ असते, पण त्याच्याकडे काही गाठीशी तरी असते. विसाव्या वर्षी संघातली जागा, प्रशिक्षकाची मर्जी, काहींच्या बाबतीत फीचे पैसे, हे सगळे एकाच माणसाच्या भुवईवर अवलंबून असताना जो गुडघा वाकतो, त्याला उद्धटपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या सगळ्याचा धागा भारतापर्यंत येतो, आणि तोही गमतीशीर उलट दिशेने नव्हे तर सरळ येतो. १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातल्या खटल्यात सांगितले की शाळकरी मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही. १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकले. ती राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. बिजो इमॅन्युएल खटल्यात १९८६ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितले, आणि तो निकाल देताना त्या अमेरिकी निकालाचा आधार घेतला. मी तेव्हा शाळेतच होते. आमच्या शाळेत त्याबद्दल कुणी काही बोलल्याचे आठवत नाही. कुणी सांगितले असते तरी ती मुले मला तेव्हा आवडली नसती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. उभे राहूनही गप्प राहणारी मुले मला ताठ उभ्या रांगेतली फट वाटली असती.

काही वर्षांपूर्वी आम्ही कॅलिफोर्नियात नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या हिरवळीवरचा तो पुतळा बघितला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे कृष्णवर्णीय धावपटू याच विद्यापीठाचे विद्यार्थी. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये दोनशे मीटरच्या शर्यतीत स्मिथ १९.८३ सेकंदांत पहिला आला, कार्लोस तिसरा, आणि पदक घेताना राष्ट्रगीत वाजत असताना दोघांनी मान खाली घालून काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. ते छायाचित्र सगळ्यांनी बघितलेले असते. पुतळा प्रत्यक्षात वीस फुटांहून उंच आहे आणि त्याच्या अंगावर रंगीत फरश्यांचे तुकडे बसवलेले आहेत. ऊन पडले की ते लकाकतात. दोघांच्या पायांत बूट नाहीत, नुसते काळे मोजे. गरिबीची खूण म्हणून ते तसे गेले होते. दुसऱ्या क्रमांकाची पायरी मात्र रिकामी आहे. त्या पायरीवर पीटर नॉर्मन हा गोरा ऑस्ट्रेलियन धावपटू उभा होता. त्याने मूठ वर केली नव्हती, फक्त त्या दोघांसारखाच मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावला होता. कार्लोस हातमोजे विसरला तेव्हा एकच जोडी दोघांत वाटून घ्या, असे नॉर्मननेच सुचवले. म्हणून एकाचा उजवा हात वर आहे आणि दुसऱ्याचा डावा. पुतळा होताना त्याने स्वतःच सांगितले की माझी जागा रिकामी ठेवा, म्हणजे ज्याला त्या दोघांच्या सोबतीने उभे राहावेसे वाटेल त्याला राहता येईल. २००६ मध्ये तो वारला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस मेलबर्नला गेले आणि त्यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला.

मी त्या पायरीवर चढले होते. नणंदेने फोटो काढला. फोटोत मी हसते आहे, एका हाताने ओढणी सावरते आहे.

तो फोटो मी सामन्यानंतरच्या आठवड्यात शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसले. त्यातल्या हसण्याबद्दल मला तक्रार नाही, प्रवासात माणूस हसणारच. पण तो बघता बघता मला एकदम दुसरीच एक रांग आठवली, जिच्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

मी सहावीत होते. त्या वर्षी पंधरा ऑगस्ट श्रावणी सोमवारी आला होता. माझ्या बाकावर बसणारी मुलगी उपवास धरायची. तिच्या घरी उपवास नसलेल्या दिवशीही सकाळचे खाणे होईलच असे नसे, हे मला ठाऊक होते, कारण मधल्या सुट्टीत ती माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खायची. पाहुणे यायला उशीर झाला. पाऊस थांबून कडक ऊन पडले होते, मैदानातून वाफ येत होती. आम्ही तासभर उभ्या होतो. शेवटी ध्वज फडकला, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत सुरू झाले, आणि ‘विंध्य हिमाचल’पाशी माझ्या डाव्या बाजूला काहीतरी मऊ आपटल्यासारखा आवाज झाला. मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिची निळी रिबीन आणि चिखलात पडलेला हात दिसला. तिची बोटे माझ्या चपलेला लागत होती. मी हलले नाही. मान वळवली नाही. पुढचे सगळे शब्द मी मोठ्याने, स्पष्ट म्हटले. आख्खी रांग हलली नाही. ‘जय हे’ झाल्यावर सर धावत आले, तिला उचलून पडवीत नेले, तोंडावर पाणी मारले, साखर चारली. ती बरी झाली. दुपारी सरांनी वर्गात येऊन शिस्त मोडली नाही म्हणून आमच्या रांगेचे कौतुक केले, आणि मला ते आवडले होते. त्या मुलीने मला कधीच काही विचारले नाही. मधल्या सुट्टीत ती पुन्हा शेजारी येऊन बसली, मी डबा उघडला.

त्या उंच मुलीचा डावा हात मी तेव्हापासून किती वेळा मनाशी पुन्हा बघितला आहे. तिने स्वतःचे उभे राहणे सोडले नाही. कदाचित तिला बसणे पटतही नसेल. घरी वडील सैन्यात असतील, भाऊ पोलिसात असेल, मला काय ठाऊक. पण तिच्या शेजारची खाली गेली आणि तिचा हात तिकडे गेला. २०१९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याच्या पुतळ्याच्या समर्थनार्थ मोर्चा आला होता, तेव्हा तिथल्या बास्केटबॉल संघातले सहा जण सामन्याआधी गुडघ्यावर बसले, आणि गाणे संपत येताना आणखी दोघे खाली टेकले. ती बातमी वाचताना मी सहा आणि दोन अशी बेरीज करून पुढे गेले होते. आता त्या दोघांचा विचार येतो. गाण्याच्या सुरुवातीपासून ते उभे होते, शेजारी मित्र खाली बसलेले होते, आणि त्या मधल्या मिनिटभरात त्यांच्या पायांत काय चालले असेल?

मुलाला मी ती शाळेची गोष्ट सांगितली. एका रविवारी तो पोहे खात होता आणि मी ओट्याशी उभी होते. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “तिचं नाव काय होतं?” मी नाव सांगितले. त्याने ते एकदा माझ्यासारखेच उच्चारून बघितले.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा त्याच जिममध्ये गेलो. पाहुणा संघ वेगळा होता. या वेळी कुणी गाणारे नव्हते, ध्वनिमुद्रण लावले होते आणि त्यात मधेच खरखर येत होती. मी उभी राहिले. पाठ ताठ झाली, टाचा जुळल्या, उजवा हात आपोआप छातीवर गेला. समोरच्या दोन्ही रांगा मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या. सगळ्या मुली उभ्या होत्या. मग बाजूला बघितले, तर मुलगा ध्वजाकडे बघत नव्हता. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.